एडगर फ्रँक कॉड

एडगर फ्रँक कॉड (जन्म : १९ ऑगस्ट १९२३, फॉर्च्युन्सवेल, डॉर्सेट, इंग्लंड, मृत्यू : १८ एप्रिल २००३, विल्यम्स आयलंड, फ्लॉरिडा, अमेरिका) हे ब्रिटिश-अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. डेटाबेसच्या संबंधात्मक अर्थात रिलेशनल प्रतिमानाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. आज बँकेतील खाती, रेल्वेचे आरक्षण, महाविद्यालयातील प्रवेश, रुग्णालयातील नोंदी किंवा एखाद्या मोठ्या संस्थेतील तक्रार निवारण यांसाठी संगणकावर जी माहिती साठवली जाते, तिच्यापैकी बराच मोठा भाग कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या तत्त्वांवर उभारलेल्या डेटाबेसमध्ये असतो. या कार्यासाठी त्यांना १९८१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मित्रपरिवारात ते टेड या नावाने परिचित होते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर फॉर्च्युन्सवेल या गावी कॉड यांचा जन्म झाला. वडील चामड्याच्या वस्तूंचे उत्पादक होते, तर आई शाळेत शिक्षिका होती. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. पूल येथील ग्रामर स्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्झिटर महाविद्यालयात गणित व रसायनशास्त्र या विषयांचे शिक्षण घेतले.

त्याच काळात दुसरे महायुद्ध सुरू होते. विद्यार्थी म्हणून लष्करी सेवेतून सवलत मिळणे शक्य असतानाही कॉड स्वेच्छेने ब्रिटनच्या शाही वायुदलात दाखल झाले. वायुदलाच्या किनारा विभागात त्यांनी सागरी टेहळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या सन्डरलंड जातीच्या विमानांवर वैमानिक म्हणून काम केले. युद्ध संपल्यानंतर ऑक्सफर्डला परतून त्यांनी शिक्षण पूर्ण केले.

अमेरिकेत आगमन

१९४८ साली कॉड अमेरिकेत गेले. न्यू यॉर्क येथील मेसीज या प्रसिद्ध दुकानात त्यांनी काही काळ पुरुषांच्या खेळाच्या कपड्यांच्या विभागात विक्रेत्याचे काम केले. त्यानंतर टेनेसी विद्यापीठात काही महिने गणिताचे अध्यापन केले. १९४९ मध्ये ते आयबीएम कंपनीत गणिती प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. त्या वेळी संगणक हे यंत्र नुकतेच आकार घेत होते. निर्वात नलिका व विद्युत्-यांत्रिक रिले यांच्या साह्याने चालणाऱ्या आयबीएमच्या एका प्रचंड गणनयंत्रासाठी त्यांनी प्रोग्रॅम लिहिले. पुढे कंपनीच्या ७०१ या संगणकाच्या विकासातही त्यांचा सहभाग होता.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी साम्यवादाच्या संशयावरून अनेकांच्या चौकशीचे सत्र चालवले होते. या वातावरणाचा निषेध म्हणून कॉड यांनी १९५३ मध्ये अमेरिका सोडली आणि कॅनडातील ओटावा येथे नोकरी पत्करली. १९५७ मध्ये ते पुन्हा आयबीएममध्ये आले. स्ट्रेच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याच्या तंत्रावर त्यांनी काम केले. न पटणाऱ्या गोष्टीपुढे मान न तुकवण्याचा त्यांचा हा स्वभाव पुढील काळातही अनेकदा दिसून आला.

स्वयंचल पेशींवरील संशोधन

कंपनीच्या शिष्यवृत्तीवर कॉड यांनी मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, पीएच.डी. मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय डेटाबेसशी संबंधित नव्हता. स्वतःचीच प्रतिकृती निर्माण करू शकणारे यंत्र तत्त्वतः शक्य आहे, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी पेशींच्या एका काल्पनिक जाळ्याद्वारे दाखवले होते. त्यांच्या रचनेत प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत. कॉड यांनी हेच कार्य केवळ ८ अवस्थांत साधता येते हे सिद्ध केले. हे संशोधन १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. गुंतागुंतीच्या रचनेतून अनावश्यक भाग काढून टाकून ती कमीत कमी घटकांवर उभी करणे, हे त्यांच्या विचारपद्धतीचे वैशिष्ट्य या कामातही आढळते.

तत्कालीन डेटाबेस

डॉक्टरेटनंतर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉड आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करू लागले. तोवर डेटाबेसचे दोन प्रकार प्रचारात आले होते.

पहिला प्रकार श्रेणीबद्ध डेटाबेसचा. आयबीएमने अपोलो या चांद्रमोहिमेतील यानाच्या लक्षावधी सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी अन्य कंपन्यांच्या सहकार्याने आयएमएस ही प्रणाली विकसित केली होती. तिच्यात माहितीची मांडणी वंशवृक्षासारखी असे. वर जनक नोंद, तिच्याखाली अपत्य नोंदी, त्यांच्याखाली त्यांची अपत्ये, आणि प्रत्येक अपत्याला एकच जनक.

दुसरा प्रकार जाळीबद्ध डेटाबेसचा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी त्याचा पाया घातला आणि कोडासिल या समितीने त्याला प्रमाण रूप देण्याचे काम केले. यात एका नोंदीला अनेक जनक असू शकत. मात्र एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंतचे दुवे आधीच बांधून ठेवावे लागत आणि प्रोग्रॅमरला त्या दुव्यांवरून वाट काढत इष्ट नोंदीपर्यंत पोहोचावे लागे.

दोन्ही प्रकारांत ठरावीक प्रश्नाचे उत्तर वेगाने मिळे. परंतु प्रश्न बदलला किंवा माहितीची मांडणी बदलली की आधी लिहिलेले प्रोग्रॅम निरुपयोगी ठरत. माहिती कोणत्या क्रमाने ठेवली आहे, तिची सूची कशी केली आहे आणि तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे, या तीन गोष्टींवर प्रोग्रॅम अवलंबून राहतात, असे निदान कॉड यांनी केले. या अवलंबित्वातून मुक्तता हा त्यांच्या पुढील संशोधनाचा केंद्रबिंदू ठरला.

संबंधात्मक प्रतिमान

ऑगस्ट १९६९ मध्ये कॉड यांनी आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आपली कल्पना प्रथम मांडली. तिचे विस्तृत रूप जून १९७० मध्ये अमेरिकेतील असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेच्या मासिकात प्रसिद्ध झाले. अनेकांनी सामायिकपणे वापरायच्या मोठ्या माहितीसाठ्यांसाठी संबंधात्मक प्रतिमान सुचवणारा हा लेख संगणकशास्त्राच्या इतिहासातील सर्वाधिक प्रभावी लेखांपैकी एक मानला जातो.

गणितातील संच सिद्धान्त आणि विधेय तर्कशास्त्र हा या प्रतिमानाचा आधार आहे. सर्व माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी. तक्त्यातील प्रत्येक ओळ एका वस्तूची किंवा घटनेची नोंद असावी आणि प्रत्येक रकान्यात एकच मूल्य असावे. ओळींच्या क्रमाला अर्थ नसावा. प्रत्येक ओळ तिच्या किल्लीवरून, म्हणजे इतर ओळींहून ती वेगळी ठरवणाऱ्या मूल्यावरून, ओळखता यावी. दोन तक्त्यांमधील नाते दुव्याने न बांधता समान मूल्यावरून जोडावे. माहिती कोणती हवी एवढेच वापरणाऱ्याने सांगावे आणि ती कशी शोधायची हे यंत्राने ठरवावे.

मराठवाड्याच्या अलीकडील इतिहासावरून हा फरक सहज समजतो. लातूर, उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा हे तालुके १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर व परभणी जिल्ह्यांतील महाविद्यालये औरंगाबादच्या विद्यापीठाकडून त्याच्याकडे आली. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पुढे उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले.

समजा, या महाविद्यालयांची माहिती श्रेणीबद्ध डेटाबेसमध्ये विद्यापीठ, त्याखाली जिल्हा, त्याखाली महाविद्यालय आणि त्याखाली विद्यार्थी अशा वृक्षात ठेवली आहे. मग १९९४ मध्ये वृक्षाच्या कित्येक फांद्या तोडून दुसऱ्या खोडाला लावाव्या लागल्या असत्या आणि त्या वाटेने जाणारा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा तपासावा लागला असता. संबंधात्मक डेटाबेसमध्ये विद्यापीठ, जिल्हा, महाविद्यालय आणि विद्यार्थी यांचे वेगवेगळे तक्ते असतात. महाविद्यालयाच्या ओळीतील विद्यापीठाचा संकेतांक बदलला की काम होते. विद्यार्थ्यांच्या तक्त्याला हातही लावावा लागत नाही. नामांतराच्या बाबतीत तर जिल्ह्याच्या तक्त्यातील एकच ओळ बदलते, कारण इतर तक्त्यांत नाव नसून संकेतांक असतो. वस्तूची ओळख तिच्या बदलत्या नावाहून वेगळी ठेवण्याचा हा विचार कॉड यांनी १९७९ मधील लेखात अधिक विस्ताराने मांडला.

सामान्यीकरण

एकच माहिती अनेक ठिकाणी लिहिली की तिच्यात विसंगती शिरते, हा कोणत्याही कचेरीतील अनुभव आहे. ही विसंगती टाळण्यासाठी तक्त्यांची विभागणी कशी करावी याचे नियम कॉड यांनी घालून दिले. या प्रक्रियेला सामान्यीकरण असे म्हणतात. पहिले सामान्य रूप त्यांनी १९७० मध्ये, तर दुसरे व तिसरे त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत मांडले. १९७४ मध्ये रेमंड बॉइस यांच्या साह्याने मांडलेले अधिक काटेकोर रूप दोघांच्या नावाने ओळखले जाते.

संगणक दुरुस्तीच्या तक्रारवहीचे उदाहरण घेता येईल. तक्रारीच्या एकाच रकान्यात दोन यंत्रांचे क्रमांक लिहिले, तर पहिल्या रूपाचा भंग होतो. तक्रार क्रमांक आणि यंत्र क्रमांक मिळून किल्ली असताना त्याच ओळीत केवळ यंत्रावर अवलंबून असलेली खरेदीची तारीखही लिहिली, तर दुसऱ्या रूपाचा भंग होतो. यंत्राच्या ओळीत महाविद्यालयाचा संकेतांक आणि त्यासोबत महाविद्यालयाचे गावही लिहिले, तर गाव हे यंत्रावर थेट अवलंबून नसून महाविद्यालयामार्फत अवलंबून असल्याने तिसऱ्या रूपाचा भंग होतो. प्रत्येक माहितीला तिच्या हक्काच्या एकाच जागी ठेवणे हे या सर्व नियमांचे सार आहे.

विरोध आणि वाद

कॉड यांच्या कल्पनेचे त्यांच्याच कंपनीत स्वागत झाले नाही. आयएमएस हे आयबीएमचे उत्तम उत्पन्न देणारे उत्पादन होते आणि अनेक मोठ्या ग्राहकांनी त्यावर आपला कारभार उभारला होता. नव्या प्रतिमानाचा पुरस्कार करणे म्हणजे आपल्याच उत्पादनाची उणीव मान्य करणे ठरले असते. कॉड यांनी मात्र कंपनीच्या अधिकृत धोरणाची तमा न बाळगता आपले म्हणणे लेख, व्याख्याने आणि ग्राहकांशी थेट चर्चा यांतून मांडणे चालू ठेवले.

आक्षेप केवळ व्यापारी स्वरूपाचे नव्हते. गणिती परिभाषेमुळे हे प्रतिमान सामान्य प्रोग्रॅमरला कळणार नाही, असे काहींचे मत होते. त्याहून गंभीर आक्षेप वेगाचा होता. कुशल प्रोग्रॅमरने स्वतः आखलेल्या वाटेपेक्षा यंत्राने शोधलेली वाट नेहमीच संथ असेल, असे मानले जात होते. हा आक्षेप त्या काळच्या यंत्रांची क्षमता पाहता अगदीच निराधार नव्हता.

मे १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे भरलेल्या परिषदेत कॉड आणि बाकमन यांच्यात या विषयावर जाहीर वादसभा झाली. जेथे कॉड यांनी डॉक्टरेट घेतली तेच हे विद्यापीठाचे गाव. बाकमन यांना १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता आणि प्रोग्रॅमर हा माहितीच्या विश्वातील मार्गदर्शक नाविक आहे, अशी त्यांची भूमिका होती. वैमानिक राहिलेल्या कॉड यांना मात्र वापरणाऱ्यावर मार्ग शोधण्याचा भार टाकणेच मान्य नव्हते. त्या सभेने वाद मिटला नाही, परंतु संबंधात्मक विचाराकडे अनेक तरुण संशोधकांचे लक्ष वेधले गेले.

सिस्टिम आर, इंग्रेस आणि एसक्यूएल

आयबीएमने पुढे सॅन होजे येथे सिस्टिम आर हा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. त्यातील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सिक्वेल नावाची प्रश्नभाषा मांडली. नावाच्या हक्कासंबंधीच्या अडचणीमुळे तिचे नाव नंतर एसक्यूएल झाले. बॉइस यांचे त्याच वर्षी अकाली निधन झाले. प्रश्नाचे उत्तर मिळवण्याच्या अनेक वाटांपैकी सर्वांत कमी खर्चाची वाट यंत्राने कशी निवडावी, याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामुळे वेगाच्या आक्षेपाला प्रत्यक्ष उत्तर मिळाले.

त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी कॉड यांच्या लेखांवरून इंग्रेस ही प्रणाली तयार केली. तिचीच पुढची पिढी म्हणजे पोस्टग्रेस. तिच्यापासून विकसित झालेली पोस्टग्रेसक्यूएल ही मुक्त प्रणाली आज जगभर वापरली जाते. आयबीएमने प्रसिद्ध केलेले संशोधन वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरॅकल हा डेटाबेस १९७९ मध्ये बाजारात आणला. आयबीएमचे स्वतःचे एसक्यूएल-आधारित उत्पादन १९८१ मध्ये आणि डीबी२ हा डेटाबेस १९८३ मध्ये जाहीर झाला. अशा रीतीने ज्या कंपनीत कल्पना जन्मली, तिच्या आधी इतरांनी तिचा व्यापारी लाभ घेतला. १९८६ मध्ये एसक्यूएलला अमेरिकेत आणि पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला.

कॉड स्वतः सिस्टिम आर प्रकल्पाच्या रोजच्या कामात फारसे नव्हते. त्यांनी १९७१ मध्ये अल्फा नावाची स्वतःची भाषा मांडली होती, पण ती स्वीकारली गेली नाही. एसक्यूएल ही भाषा संबंधात्मक प्रतिमानाशी पूर्णपणे प्रामाणिक नाही, विशेषतः ती एका तक्त्यात अगदी सारख्या दोन ओळी राहू देते, ही त्यांची तक्रार अखेरपर्यंत कायम होती.

बारा नियम

१९८० च्या दशकात संबंधात्मक हा शब्द जाहिरातीत खपू लागला. जुन्या पद्धतीच्या डेटाबेसवर तक्त्यांचे आवरण चढवून त्याला संबंधात्मक म्हणण्याची प्रथा पडली. ग्राहकाने खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी हे सांगण्यासाठी कॉड यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये कम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात दोन लेख लिहिले. त्यांतील नियम कॉड यांचे बारा नियम म्हणून प्रसिद्ध आहेत. शून्यापासून बारापर्यंत क्रमांक दिलेले असल्याने ते प्रत्यक्षात तेरा आहेत.

सर्व माहिती तक्त्यांतील मूल्यांच्याच रूपात असावी. तक्त्याचे नाव, किल्ली आणि रकान्याचे नाव यांवरून प्रत्येक मूल्यापर्यंत पोहोचता यावे. डेटाबेसच्या रचनेचे वर्णनही तक्त्यांतच असावे. माहिती साठवण्याची जागा वा पद्धत बदलली तरी प्रोग्रॅम बदलावे लागू नयेत. शुद्धतेचे नियम प्रोग्रॅममध्ये न लिहिता डेटाबेसमध्येच नोंदवावेत आणि मागच्या दाराने ते मोडता येऊ नयेत. हे त्यांतील काही प्रमुख नियम होत. त्या काळी बाजारातील एकही उत्पादन सर्व नियमांत पूर्णपणे बसत नव्हते.

उपलब्ध नसलेल्या माहितीसंबंधीचा तिसरा नियम विशेष चर्चिला गेला. रकाना रिकामा असणे म्हणजे शून्य असणे नव्हे, असे कॉड यांचे प्रतिपादन होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी रिक्ततेचे दोन प्रकार केले. पहिला, मूल्य आहे पण ठाऊक नाही. दुसरा, मूल्य लागूच होत नाही. तक्रारवहीत यंत्र दुरुस्त झाले पण तारीख लिहायची राहिली, हा पहिला प्रकार. चुकून नोंदवली म्हणून रद्द केलेल्या तक्रारीला दुरुस्तीची तारीखच नसते, हा दुसरा. क्रिस डेट या त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यासह अनेक अभ्यासकांना हा मार्ग मान्य नव्हता आणि हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

उत्तरायुष्य

१९७६ मध्ये कॉड यांना आयबीएम फेलो हा कंपनीतील सर्वोच्च तांत्रिक सन्मान मिळाला. १९८४ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले आणि क्रिस डेट यांच्यासह सल्लागार म्हणून काम करू लागले. पहिल्या विवाहापासून त्यांना चार अपत्ये होती. १९९० मध्ये त्यांनी गणितज्ञ शॅरन वाइनबर्ग यांच्याशी विवाह केला.

१९९३ मध्ये कॉड यांनी अन्य दोघांसह व्यवसायविषयक माहितीच्या बहुमितीय विश्लेषणावर एक निबंध लिहिला आणि ओलॅप ही संज्ञा रूढ केली. या निबंधाला याच क्षेत्रातील उत्पादन विकणाऱ्या कंपनीचे अर्थसाह्य होते, हे उघड झाल्यावर त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी टीका झाली. उत्पादनांच्या दाव्यांची पारख करण्यासाठी नियम घालून देणाऱ्या कॉड यांच्या कारकीर्दीतील हा वादग्रस्त प्रसंग होय.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लॉरिडातील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७९ वर्षांचे होते. २००४ पासून डेटाबेस क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठेच्या संशोधन पुरस्कारांपैकी एकाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

सेवा व्यवस्थापन प्रणालींवरील प्रभाव

मोठ्या संस्थेत संगणक, जाळे, ई-मेल, प्रमाणपत्रे यांसारख्या सेवांविषयीच्या तक्रारी नोंदवणे, त्या योग्य व्यक्तीकडे सोपवणे आणि ठरलेल्या मुदतीत निकाली काढणे यासाठी सेवा व्यवस्थापन प्रणाली वापरल्या जातात. तक्रार, यंत्र, पुरवठादार, कर्मचारी, मुदत आणि बदलांचा इतिहास या परस्परांत गुंतलेल्या नोंदी हा अशा प्रणालीचा गाभा असतो. कोणत्या पुरवठादाराची यंत्रे वारंवार बिघडतात, कोणत्या गावच्या तक्रारी रेंगाळतात, असे आधी न ठरवलेले प्रश्न तिला सतत विचारले जातात. कॉड यांनी १९७० मध्ये ज्या परिस्थितीची कल्पना केली होती, तिचे हे नेमके उदाहरण आहे. म्हणूनच या क्षेत्रात संबंधात्मक डेटाबेस प्रमुख राहिला.

अशी प्रणाली घेताना तिच्या तळाशी कोणता डेटाबेस असावा, हा निर्णय पुष्कळदा संस्थेला करावा लागतो. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल असे पर्याय समोर असतात. वरची प्रणाली तीच ठेवून तळाचा डेटाबेस निवडता येणे, हेच मुळात कॉड यांच्या स्वातंत्र्याच्या तत्त्वाचे फलित आहे. श्रेणीबद्ध डेटाबेसच्या काळात प्रोग्रॅम आणि साठवण एकमेकांत इतके विणलेले असत की अशी निवड संभवत नव्हती.

मात्र व्यवहारात हे स्वातंत्र्य पूर्ण नाही. प्रमाण भाषा एक असली तरी प्रत्येक उत्पादनाची बोली थोडी वेगळी आहे. ओरॅकल रिकाम्या मजकुराला उपलब्ध नसलेले मूल्य समजतो, तर पोस्टग्रेसक्यूएल या दोहोंत भेद करतो. त्यामुळे एका डेटाबेसवर बरोबर येणारी यादी दुसऱ्यावर वेगळी येऊ शकते. तारखांची हाताळणी, देवनागरी मजकुराची साठवण व अनुक्रम, डेटाबेसच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम यांतही फरक असतात. म्हणून एकदा केलेली निवड बदलणे शक्य असले तरी ते फुकट होत नाही. परवाना शुल्क, एकाच वेळी वापरणाऱ्यांची संख्या, वीज गेल्यास अर्धवट व्यवहार मागे घेण्याची खात्री, राखीव प्रती परत आणण्याची सोय आणि तो डेटाबेस सांभाळू शकणारी माणसे जवळपास मिळणे, हे निकष निवडीत महत्त्वाचे ठरतात. नांदेड किंवा लातूरसारख्या, महानगरांपासून दूरच्या शहरांतील संस्थांच्या दृष्टीने शेवटचा निकष बहुधा सर्वांत निर्णायक असतो.

एकविसाव्या शतकात समाजमाध्यमे व शोधयंत्रे यांच्या अतिप्रचंड माहितीसाठी तक्त्यांवर आधारित नसलेले डेटाबेसही पुढे आले. त्यांतील काहींची रचना जुन्या श्रेणीबद्ध पद्धतीची आठवण करून देते. त्यांचा उपयोग विशिष्ट कामांसाठी होत असला तरी चोख हिशेब आणि परस्परसंबंधित नोंदी यांसाठी संबंधात्मक डेटाबेसचे स्थान टिकून आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत संबंधात्मक प्रतिमान, सामान्यीकरण आणि एसक्यूएल हे घटक सर्वत्र शिकवले जातात. विद्यार्थी कॉड यांचे नाव बहुधा प्रथम त्या बारा नियमांच्या संदर्भात ऐकतात. माहितीची मांडणी बदलली तरी तिच्यावर विसंबलेल्या माणसाचे काम अडू नये, हा त्या सर्व नियमांमागील मूळ हेतू होय.